नखाने म्हणायचे शब्द

माझ्या ताईसमोर इंग्रजी बोलायची माझी आजवर छाती झाली नाही. येत नाही असं नाही हं. धंद्यापुरतं येतं, भांडायला तर फर्मास येतं. पण मी एक वाक्य बोललो की ताई कपाळाला हात लावायची. "अरे, बोलतोयस की हजेरी घेतोयस? एकेका शब्दाला उठवून उभं करतोयस तू!"

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. बोलायचं इंग्रजी शिकवण्यात तिचा सगळा जन्म गेला. एका घड्याळजीच्या दुकानावर तिची लांबट खोली होती. खोलीत एक लांबलचक टेबल, आणि भोवती कशाचा कशाला मेळ नसलेल्या खुर्च्या. नर्सा यायच्या, हॉटेलातले स्वयंपाकी यायचे, बोटीवर नोकरी लागलेले मेकॅनिक यायचे. व्याकरण सगळ्यांचं पक्कं. तक्रारही सगळ्यांची एकच. "मॅडम, लिहिलेलं सगळं समजतं, पण समोरचा बोलायला लागला की डोक्यावरून जातं. फार भरभर बोलतात हो ते लोक."

"भरभर नाही बोलत," ताई म्हणायची. "छोटे शब्द गिळतात. आणि तुम्ही त्या गिळलेल्या शब्दांची वाट बघत दारात उभे राहता. तोवर वाक्य निघून जातं."

मग ती टेबलावर वाजवून दाखवायची. वजनाच्या शब्दाला बोटाच्या पेराने टक, आणि बिनवजनाच्याला नुसतं नख, टिक. 'कप ऑफ टी' म्हणजे टक, टिक, टक. मधला 'ऑफ' कसला आलाय, नुसता एक 'अ', तोही अर्धपोटी. 'ब्रेड अँड बटर' म्हणताना 'अँड'चा फक्त 'न' उरतो. 'फॉर'चा 'फ' होतो, 'टू'चा 'ट'. "त्या 'अ'साठी जिभेला कष्ट द्यायचे नाहीत, ओठांना द्यायचे नाहीत," ती सांगायची. "तोंड किलकिलं ठेवा आणि आवाज जाऊ द्या. आळशी माणसाला हे पहिल्या फटक्यात जमतं, हुशार माणसाला फार वेळ लागतो."

एकदा मी वर्गाच्या दारात उभा राहून ते म्हणून बघितलं. कपअटी. आणि वर म्हटलं, "ताई, तुझा चहा तर कपटी निघाला की गं!" अख्खा वर्ग खो खो हसला. ताई हसली नाही. म्हणाली, "हसा खुशाल. पण या माणसाने आत्ता आयुष्यात पहिल्यांदा बरोबर उच्चार केलाय."

कुणी कुरकुर केली, की मॅडम, असं अर्धवट बोलणं अशुद्ध नाही का, की ताईचा चेहरा खुलायचा. ती त्याचीच वाट बघत असायची. "घरी आईला काय सांगता? 'आई, मी जेवत आहे'? का 'जेवतोय' म्हणता? मग 'आहे' कुठे गेलं? 'आई, तू काय करत आहेस' असं कुणी घरी जाऊन विचारलं तर आई आधी कपाळाला हात लावून ताप आहे का बघेल. आपण गिळलं की आपलेपणा, आणि त्यांनी गिळलं की अशुद्ध होय रे?"

आणि हेच छोटे शब्द ताठ कधी होतात, तेही ती दाखवायची. 'हू इज इट फॉर?' म्हणताना 'फॉर' वाक्याच्या शेवटी एकटा पडतो, मग तो 'फ' राहत नाही, पूर्ण तोंड उघडतो. तिथे ती नखाऐवजी पेर वाजवायची, आणि दाढीमिशा आलेले मेकॅनिक हरखून बघत बसायचे. विद्यार्थी तिला पाठीमागे 'टकटक मॅडम' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

आता माझं सांगतो. मी आवाज कापतो. गॅरेजांच्या गल्लीच्या टोकाला माझा दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. लिफ्टमध्ये 'दार बंद होत आहे' म्हणणारी बाई, दुकानात सवलत जाहीर करणारा बुवा, फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणून तुमचा अंत बघणारी पोरगी, हे सगळे माझ्याकडून धुऊनपुसून जातात. श्वास काढायचा, ओठांची चुटचुट काढायची, खुर्चीची करकर काढायची. शब्द कसा, काचेसारखा स्वच्छ. या धंद्यात मला सगळे 'कात्री' म्हणतात. शिवाय माझ्याकडे गेट आहे. गेट म्हणजे आवाजाच्या दारावर बसवलेला पहारेकरी. ठरावीक जोराच्या वरचा आवाज तो आत सोडतो, खालचा बाहेरच्या बाहेर हाकलतो. माझ्या गेटमधून डास जाणार नाही, असं मी ज्याला त्याला ऐकवायचो.

ताईचा आवाज बसला तेव्हा आम्हाला वाटलं, वर्गात ओरडून बसला असेल. वर्गाला सुट्टी लागली तरी तो उठेना. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तपासायला तुकडा पाठवला, आणि मग आम्हा दोघांना समोर बसवून स्पष्टच सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मानेला भोक ठेवतील, श्वास तिथून. पुढे सरावाने काही बोलता येईलही, पण तो हा आवाज नसेल.

बाहेर येऊन मी डॉक्टरांना शिव्या घातल्या, मग पार्किंगवाल्याशी भांडलो, मग गाडीची किल्ली सापडेना म्हणून गाडीलाच लाथ घातली. ताई सीटवर बसल्यावर एवढंच म्हणाली, "चिमणीला कसं सांगायचं रे?"

चिमणी ही ताईची नात. भाचा शिकायला दूर देशी गेला आणि तिकडेच संसार थाटून बसला. सून तिकडचीच. पोरीला आपल्या भाषेतला एकच शब्द येतो, आजी. बाकी सगळा कारभार इंग्रजीत. दर रविवारी तिचा फोन. ती एका जागी बसत नाही, त्यामुळे कॅमेऱ्याचा काही उपयोग नाही. तिकडे फोन पलंगावर टाकलेला, आणि ही खोलीभर हुंदडत ऐकणार. आजी गोष्ट सांगणार, चिमणी मध्ये मध्ये नाक खुपसणार, आणि शेवटी खेळ. ताई तोंडाने एक अक्षर न काढता टेबलावर वाक्य वाजवणार, आणि चिमणीने ते ओळखायचं. टक टिक टक टिक टिक. तिकडून किंचाळी यायची, "नॉटअबिटअव्हिट!"

'नॉट अ बिट ऑफ इट'. म्हणजे छे, मुळीच नाही. हे त्या दोघींचं भारी लाडकं. आजी, दमलीस? टक टिक टक टिक टिक. आजी, मी त्रास देते? टक टिक टक टिक टिक. मी शेजारच्या खोलीतून ऐकायचो आणि चिडायचो, कारण मला ते वाजवणं एकदाही ओळखता आलं नव्हतं.

"मला मरायची भीती वाटत नाही असं नाही," गाडी सुरू झाल्यावर ताई म्हणाली. "पण मरत तर नाहीये ना मी. मी जगेन, आणि तिच्यापुरती नसेन. फोनवर माणूस म्हणजे नुसता आवाज असतो रे. तो गेला की ती पोर कुणाशी बोलणार?"

"मग मी कशाला बसलोय इथे?" मी म्हणालो. "माझ्याकडे माईक आहे, तुझ्याकडे अजून आवाज आहे. सगळे शब्द भरून ठेवू. टॅबलेटवर चौकोन करून देतो. चौकोन दाबलास की तुझ्याच आवाजात बोलणं."

दुसऱ्याच दिवशी तिला स्टुडिओत आणून बसवलं. माझी पद्धत ठरलेली. एकेक शब्द सुटा घ्यायचा, चारी बाजूंनी स्वच्छ कापायचा, मग हवी तशी वाक्यं जोडायची. लिफ्टची बाई मी अशीच जोडलेली आहे. 'स्टोरी' झाला, 'कॅट' झाला, 'हाऊस' झाला. मग मी म्हटलं, "आता 'ऑफ' म्हण."

"कुठला?"

"कुठला म्हणजे? ऑफ तो ऑफ."

"त्याच्या शेजारी कोण आहे?"

"कुणी नाही!"

"मग मला नाही म्हणता यायचा. शेजारी असल्याशिवाय त्याला स्वतःचं तोंडच नसतं."

माझं डोकं फिरलं. "ताई, हा वर्ग नाहीये. वेळ थोडा आहे, तुझा घसा बसत चाललाय, आणि तू मला 'ऑफ'चे शेजारी विचारतेस? तू म्हण. जोडायचं काम माझं!"

ताईने शाळेतल्या गरीब मुलीसारखी हाताची घडी घातली आणि खणखणीत म्हणाली, "ऑफ." मग 'फॉर', 'टू', 'अँड', 'द', एकामागून एक, सगळे पूर्ण तोंड उघडून. डोळ्यांत मात्र खट्याळपणा मावत नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

रविवार आला. मी एक वाक्य जोडून तयार ठेवलं होतं. 'आय हॅव ए स्टोरी फॉर यू अँड द कॅट', म्हणजे तुझ्यासाठी आणि मांजरीसाठी गोष्ट आणलीय. काय स्वच्छ वाक्य होतं! कुठे धूळ नाही, कुठे श्वास नाही. चिमणीचा फोन आला तसा मी तो चौकोन दाबला. तिकडची धावपळ थांबली. पलंग करकरला. मग बारीक आवाजात प्रश्न आला, "आजी, तू माझ्यावर रागावलीस?"

ताईने झटकन फोन ओढून घेतला आणि घोगऱ्या आवाजात ओरडली, "नॉटअबिटअव्हिट!" चिमणी हसली, ताई हसली, हसता हसता तिला असा ठसका लागला की माझी बायको पाणी घेऊन धावत आली. मी तोंडात मारल्यासारखा उभा.

फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता ही माझी पुरती हजामत करणार. पण ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला. "शब्द माझेच होते रे. आवाजही माझाच. पण घरातलं माणूस एकेक शब्द ठासून कधी बोलतं सांग? भांडताना. 'मी. तुला. काय. सांगितलं. होतं.' असं. पोरीने बरोबर ओळखलं."

त्या दिवसापासून आम्ही सुटे शब्द सोडून दिले. पूर्ण वाक्यं घेतली, गोष्टीच्या गोष्टी घेतल्या. पहिल्या दिवशी माझे हात शिवशिवत होते. पडद्यावर आवाजाची रेघ उमटते ना, तिच्यात ताईचे मोठे शब्द टेकडीसारखे उभे, आणि मध्ये जवळजवळ सपाट. एरवी ते सपाट मी डोळे मिटून कापून टाकलं असतं. सवयीने एका ठिकाणी कापलंही. वाजवून पाहिलं तर वाक्य लंगडायला लागलं. मी मुकाट्याने तुकडा परत जोडला आणि गेट बंद करून टाकलं, म्हणजे पहारेकऱ्याला सुट्टीच दिली.

मग मी कानावर हेडफोन चढवून नुसता ऐकत बसलो. खरं सांगतो, इतकी वर्षं आवाजाचं खातोय, पण असलं काही मी ऐकलं नव्हतं. 'टेल हिम टु कम इन' हे ताईच्या तोंडून 'टेलिम ट कमिन' असं यायचं, आणि तरी त्यातलं काही हरवलेलं नसायचं. 'फॉर यू'मधला 'फ' तो 'यू'च्या अंगावर रेलून बसलेला. गोष्टीत लांडगा आला की 'अँड'चा 'न' एवढुसा व्हायचा, दम लागलेल्या माणसासारखा. लांडगा गेला की तोच 'न' सैल पडायचा. छोट्या शब्दांना अर्थ नसतो असं मला वाटायचं. अर्थ नसेल, पण बाईचा जीव त्यांच्यातच होता. मोठे शब्द कोणीही म्हणेल. हे असं न म्हटल्यासारखं म्हणणं फक्त माझ्या ताईचं होतं. माझी छाती अभिमानाने फुगली.

"इतकी वर्षं माझं बोलणं असं कान देऊन ऐकलं असतंत तर संसार सोन्याचा झाला असता," चहा ठेवता ठेवता बायको म्हणाली.

"गप गं, रेकॉर्डिंग चालू आहे."

"चालू आहे तर होऊ दे माझंही रेकॉर्ड," ती म्हणाली, आणि काचेपलीकडे ताईला हसू आवरेना. ते हसणंही मी ठेवलं. त्याचा एक वेगळा चौकोन केला.

काय काय घ्यायचं हे ताई ठरवायची. पाणी द्या, दार लावा, असल्या गोष्टींत तिला रस नव्हता. "ते खुणेने सांगेन." तिला हवं होतं 'टेल मी अबाउट द कॅट', मांजरीचं सांग. तिला हवं होतं 'अँड देन?', मग पुढे काय झालं? तेही तीन प्रकारचं, एक साधं, एक घाबरलेलं, एक अजिबात विश्वास न बसलेलं. 'आयम हिअर', मी इथेच आहे. आणि गोष्टी. 'नॉट अ बिट ऑफ इट'चा विषय मी दोनदा काढला. ताई म्हणाली, "ते काय, झोपेतसुद्धा म्हणेन. शेवटी घेऊ."

एका दुपारी गोष्टीतली म्हातारी पुलावर पोचली आणि ताईचा आवाज थांबला. खोकून पाहिलं, गरम पाणी पिऊन पाहिलं. नुसती हवा येत होती. मी म्हटलं, उद्या घेऊ. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरांनी ऑपरेशन अलीकडे ओढलं, कारण आता थांबण्यात काही अर्थ नव्हता. टॅबलेटवर शेवटचा एक चौकोन मी 'नॉट अ बिट'साठी राखून ठेवला होता. तो रिकामा राहिला.

ताई दवाखान्यात असताना मी चोरून एक उद्योग केला. पहिल्या दिवशीचे सुटे शब्द माझ्याकडे पडलेले होते. नॉट. ए. बिट. ऑफ. इट. जोडून पाहिले. अगदी फौजदाराने दरडावून विचारल्यासारखं वाजलं. मी ते पुसलं आणि अंधाऱ्या खोलीत बसून रडलो. लपवायचं कशाला?

ऑपरेशन नीट झालं. ताई घरी आली, जेवायला लागली, माझ्यावर डोळे वटारायला लागली. फक्त मानेच्या भोकातून तिचा श्वास चालायचा आणि त्याचा आवाज यायचा, सुईंऽऽ, खर्र, सुईंऽऽ. आम्हाला चार दिवसांत सवय झाली. पण रविवार आला की ती फोनकडे पाठ करून बसायची. शेवटी भाच्याचाच निरोप आला. आजीचा गळा दुरुस्त केलाय, आता ती तोंडाने नाही, मशीनवर बोलेल, हे त्याने पोरीला समजावलं होतं, आणि पोरगी रोज विचारत होती.

मी ठरवलं, हा फोन स्टुडिओतून करायचा. टॅबलेटची वायर सरळ फोनला जोडली, म्हणजे गोष्ट सुस्पष्ट ऐकू जाईल. ताईसमोर तिच्या वर्गातल्यासारखं टेबल ठेवलं आणि त्यावर एक माईक. आणि माईकवर गेट लावलं. का, तर तो श्वास. एवढीशी पोर, तिने ती खर्रखर्र ऐकून घाबरायला नको. ताईने गेटच्या बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, पण काही म्हणाली नाही. म्हणणार तरी कशी?

फोन लागला. ताईने चौकोन दाबला. 'हॅलो, माय चिमणी! टेल मी अबाउट द कॅट.' काय सांगू, जशीच्या तशी ताई. चिमणी जी सुटली! मांजरीने पडदा फाडला. 'अँड देन?' मग मांजर कपाटावर चढली. 'अँड देन?', हे घाबरलेलं. मग ती पडली, पण पायांवरच. 'अँड देन?', हे विश्वास न बसलेलं. चिमणी खिदळली. ताईची बोटं टॅबलेटवर अशी पळत होती की मी बघतच राहिलो. मग अख्खी गोष्ट लावली. माझा जीव भांड्यात पडला.

गोष्ट संपली. तिकडे शांतता, इकडे शांतता. माझ्या गेटची शांतता तर विचारू नका, विहिरीच्या तळाशी असते तशी.

"आजी? आहेस तू?" चिमणीने विचारलं.

'आयम हिअर.'

थोडं थांबून पुन्हा, "आजी?"

'आयम हिअर.' तेच. तस्संच.

पलंग करकरला. पोरीचा आवाज फोनच्या अगदी जवळ आला. "हे मशीन आहे," ती इंग्रजीत म्हणाली, हळूच, जणू मशीनला ऐकू जाऊ नये. "मशीन छान आहे. पण आजी तिथे आहे का?"

ताईची बोटं टॅबलेटवर थांबली. एवढे चौकोन, पण यावर द्यायला एकही नव्हता. मग तिने टॅबलेट बाजूला सारला, माईकपाशी वाकली आणि टेबलावर वाजवलं. टक टिक टक टिक टिक.

"डॅडी," चिमणी मागे वळून म्हणाली, "कुणीतरी दार वाजवतंय."

ताईने पुन्हा वाजवलं. मी मनात म्हटलं, अगं, जरा जोरात वाजव ना ते मधले! पण छे. नखाचं ते ती नखानेच वाजवणार, जीव गेला तरी. तेवढ्यात माझी नजर गेटच्या दिव्याकडे गेली. 'टक'ला दिवा हिरवा, 'टिक'ला दिवा बंद. 'टक'ला हिरवा, 'टिक'ला बंद. कपाळ माझं! माझा पहारेकरी मोठ्यांना सलाम ठोकून आत सोडत होता आणि छोट्यांना दारातून हाकलत होता. तिकडे पोहोचत होतं नुसतं टक, टक. दार वाजवल्यासारखंच.

मी गेटची, जोराची हद्द ठरवणारी पट्टी खाली ओढली, पार तळाला टेकेपर्यंत. त्याबरोबर सगळं आत आलं. ताईच्या खुर्चीची करकर, बांगड्या, माझं नाक ओढणं, आणि तिचा श्वास. सुईंऽऽ, खर्र, सुईंऽऽ. जन्मभर मी जे कापून टाकलं ते सगळं एका दमात त्या पोरीच्या कानात गेलं. मी डोळे मिटून घेतले. आता घाबरेल. आता फोन ठेवेल.

"आजी!" चिमणी ओरडली. "आता ऐकू आलीस! तू आहेस!"

ताईने तोंडावर हात दाबला. हसत होती की रडत होती मला कळलं नाही, दोन्हीचा आवाज आता सारखाच येतो.

मग पोरीने ते विचारलं, जे आम्ही मोठ्यांपैकी कुणीच विचारलं नव्हतं. "आजी, खूप दुखलं का गं?"

ताईने दोन्ही हात टेबलावर ठेवले. सावकाश, पेराने आणि नखाने, टक टिक टक टिक टिक.

"नॉटअबिटअव्हिट!" चिमणी किंचाळली. आणि मी, ज्याला ते वाजवणं जन्मात ओळखू आलं नव्हतं, मीही त्याच क्षणी तोंडातल्या तोंडात तेच म्हणालो.

कशी म्हणाली ती! 'ऑफ'चा पत्ता नाही, 'अ' नुसता दाराच्या फटीतून गेल्यासारखा, सगळं ताईच्याच चालीवर. ताईचे छोटे शब्द त्या पोरीच्या तोंडात जिवंत होते, जिथल्या तिथे. मी भर स्टुडिओत टाळी वाजवली. रेकॉर्डिंग चालू असताना टाळी वाजवणाऱ्याला मी पूर्वी बाहेर काढलं असतं.

हो, रेकॉर्डिंग चालू होतं. फोन संपल्यावर ताईने माझी बाही ओढली आणि टॅबलेटवरच्या त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. मला समजायला वेळ लागला नाही. मी तेवढा तुकडा घेतला, पुढचामागचा श्वास तसाच ठेवून, आणि चौकोनात टाकला.

परवा तपासणीला गेलो होतो. डॉक्टरांनी मान पाहिली, टाके पाहिले, आणि विचारलं, "मॅडम, काही त्रास होतोय का?" ताईने चौकोन दाबला. त्या गंभीर खोलीत एक पोरगी किंचाळली, "नॉटअबिटअव्हिट!" डॉक्टरांच्या हातातला टॉर्च पडता पडता वाचला.

"हा कुणाचा आवाज?" त्यांनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत ताईने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.